बीफमुळे रॅपरचा बाजार खरंच उठतो का?

टेपगुंडाळ्या

मंडळी, परवा माळा आवरताना जुन्या सीडींच्या खोक्यात अमेरिकन रॅपर जा रूलचा 'पेन इज लव्ह' अल्बम सापडला. २००१ सालचा. पुसून लावला. 'ऑलवेज ऑन टाइम' सुरू झालं, त्याचा तो घोगरा आवाज आला आणि माझा हात आपसूक आवाज कमी करायला गेला. घरात मी एकटा. लाज कुणाची वाटली मला? गाणं वाईट नाही हो. पण डोक्यात आधी फिफ्टी सेंट या दुसऱ्या रॅपरने केलेली त्याची टिंगल वाजते, मग गाणं.

त्यावरून हा धागा. (बीफ म्हणजे रॅपरांचं गाण्यांतून चालणारं भांडण.)

ज्यांनी तो काळ ऐकला नाही त्यांच्यासाठी: २००० ते २००२ जा रूलची नुसती चलती होती. 'रूल ३:३६' आणि 'पेन इज लव्ह', लागोपाठ दोन अल्बम बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर. कृती साधी. बाईने गोड गायचं (अशांती, नाहीतर जेनिफर लोपेझ), याने मध्ये मध्ये गुरगुरायचं. रेडिओ लावला की हाच. मग फेब्रुवारी २००३मध्ये फिफ्टीचा 'गेट रिच ऑर डाय ट्रायिन' आला. पहिल्या आठवड्यात ८,७२,००० प्रती खपल्या, आणि त्यात डॉ. ड्रेच्या बीटवर जा रूलची टिंगल करणारं 'बॅक डाउन' होतं. दोघं न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले, भांडण जुनं, मार्च २०००मध्ये तर स्टुडिओत सुरा चालण्यापर्यंत गेलेलं. 'बॅक डाउन'नंतर दोन-तीन वर्षांत जा रूल म्हणजे विनोद झाला. तेव्हापासून सगळीकडे एकच पालुपद: फिफ्टीने त्याला संपवला.

मला हे पटत नाही. फिफ्टीने त्याला चिडवलं, संपला तो उत्तर देण्याच्या नादात. नोव्हेंबर २००३चा 'ब्लड इन माय आय' आठवा. ज्याला लोक प्रेमगीतांसाठी ओळखायचे त्याने जवळजवळ अख्खा अल्बम शिवीगाळीत घालवला. 'क्लॅप बॅक' सोडलं तर त्यातलं काय आठवतं कुणाला? ज्या पोरींनी आधीचे दोन अल्बम घेतले त्यांच्यासाठी यात काही नव्हतं. ज्या पोरांना मारामारी हवी होती ती आधीच फिफ्टीच्या दारात उभी होती. स्वतःचं चालतं दुकान बंद करून समोरच्याच्या दुकानापुढे पथारी टाकली, तर गिऱ्हाईक येणार कुठून?

तुम्हाला काय वाटतं? "फिफ्टी बाप आहे" छाप प्रतिसाद नकोत, ते वीस वर्षं ऐकतोय.

खर्जातला राजा

पहिला! बाकी फिफ्टी बाप आहे. (पळा)

रुक्मिणी रिमिक्स

धागा छान, पण एक मोठी गोष्ट गाळलीत. जानेवारी २००३मध्ये, म्हणजे फिफ्टीचा अल्बम यायच्या महिनाभर आधी, 'मर्डर इंक' या जा रूलच्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) कचेरीवर फेडरल धाड पडली. क्वीन्समधल्या एका कुप्रसिद्ध ड्रग टोळीचा पैसा लेबलमधून पांढरा होतो असा संशय. मालक अर्व्ह गॉटी आणि त्याचा भाऊ यांच्यावर खटला चालला, डिसेंबर २००५मध्ये दोघं निर्दोष सुटले. पण मधली तीन वर्षं? लेबलच्या नावातला 'मर्डर' काढून नुसतं 'द इंक' करावं लागलं. ज्या मालकाचा अर्धा दिवस वकिलाकडे जातो तो रेडिओवाल्यांना फोन कधी करणार?

आणि लोकांनी त्याला टाकलं होतं असंही नाही. २००४मध्ये परत अशांतीला घेऊन 'वंडरफुल' काढलं तर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत पहिल्या पाचात. म्हणजे तुमच्याच मुद्द्याला पुरावा देतेय मी. जुन्या दुकानात परत गेला, गिऱ्हाईक परत आलं. फक्त तोवर दुकानाला अर्धं सील लागलेलं होतं.

फटकळ मामा

ताई, कोर्टकचेऱ्यांनी अल्बम लांबतो. माणूस हास्यास्पद होत नाही. टेपगुंडाळ्यांनी स्वतःच लिहिलंय की एकटे असताना आवाज कमी केला. तो काय फेडरल धाडीमुळे?

'बॅक डाउन'मध्ये फिफ्टी जा रूलच्या आवाजाला कुकी मॉन्स्टर म्हणतो. लहान मुलांच्या कार्यक्रमातलं ते बिस्किटं खाणारं निळं बाहुलं. एकदा ऐकलं की झालं. पुढच्या वेळी जा रूल "बेबी" म्हणाला की डोळ्यांसमोर निळी केसाळ तोंडं. शिवीला शिवी देता येते, नकलेला काय देणार? आणि प्रेमगीत गाणाऱ्याला हसून चालतच नाही हो, समोरच्याने फिस्स केलं की मैफल उठली. 'ब्लड इन माय आय' त्याने वेड लागलं म्हणून काढला नाही. प्रेमगीत गायची सोयच राहिली नव्हती.

आणखी एक. जून २००१, न्यूयॉर्कची समर जॅम मैफल. रॅपर जे-झीने मॉब डीप या जोडीतल्या प्रॉडिजीचा लहानपणीचा फोटो मोठ्या पडद्यावर झळकवला. पोरगं नाचाच्या पोशाखात, कारण आजीचा नाचाचा क्लास होता. त्यात वाईट काय? काहीच नाही. पण क्वीन्सब्रिजच्या काळोखी, थंड रक्ताच्या गाण्यांचा बादशहा तो. लोक हसले. हसणं परत घेता येत नाही.

टेपगुंडाळ्या

मामा, कुकी मॉन्स्टरचा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. पण हेच हत्यार, त्याच माणसाच्या हातात, सहा वर्षांनी का बोथट झालं?

रिक रॉस. गाण्यात कोकेनचा सम्राट. २००८मध्ये जुना फोटो बाहेर आला: साहेब फ्लोरिडात तुरुंगरक्षक होते. गणवेशासकट. रॅपरसाठी यापेक्षा मोठी नाचक्की मला तरी सुचत नाही. २००९च्या सुरुवातीला फिफ्टीने गाणं, कार्टून, व्हिडिओ, सगळा दारूगोळा काढला. आणि एप्रिलमध्ये रॉसचा 'डीपर दॅन रॅप' पहिल्या क्रमांकावर! कारण रॉसने टोला परतवला आणि लगेच आपल्या कामाला लागला. तेच मखमली बीट, त्याच बोटी, तीच ऐश. ज्याला ते आवडत होतं त्याला ते मिळत राहिलं. त्याच वर्षी फिफ्टीचा 'बिफोर आय सेल्फ डिस्ट्रक्ट' पाचव्या क्रमांकावर उतरला. नावासकट.

खर्जातला राजा

नावासकट 😂😂 हे भारी होतं काका.

बत्तीस बार

जा रूलवर इतकं दळण चाललंय आणि कॅनिबसचं नाव नाही? तो खरा नमुना.

१९९७. एलएल कूल जेच्या '४, ३, २, १' गाण्यावर मेथड मॅन, रेडमॅन, डीएमएक्स आणि हा नवखा पोरगा कॅनिबस. एलएलच्या दंडावर माइक गोंदलेला आहे. कॅनिबसने आपल्या कडव्यात लाडाने म्हटलं, तो दंडावरचा माइक जरा उसना द्या. झालं. थोरल्याला वाटलं पोरगं माझ्या गादीवर डोळा ठेवून आहे. कॅनिबसला ओळ बदलायला लावली, त्याने निमूट बदलली. पण एलएलने त्याच गाण्यात, शेवटच्या कडव्यात, नाव न घेता त्याला धुतलेलं ते तसंच राहिलं! म्हणजे ऐकणाऱ्याला फक्त थप्पड ऐकू येते, कारण दिसत नाही.

मग १९९८मध्ये कॅनिबसने 'सेकंड राउंड के.ओ.' काढलं, सोबतीला साक्षात माइक टायसन. अजूनही ऐका, अंगावर काटा येतो. एलएलने 'द रिपर स्ट्राइक्स बॅक'ने उत्तर दिलं, पण गुण कॅनिबसला देणारे तेव्हाही खूप होते. आणि जिंकलेला कॅनिबसच बुडाला. सप्टेंबर १९९८मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. गोल्ड झाला, पण ऐकणाऱ्यांचा विरस झाला. बीट पडेल, गाणी विस्कळीत. सगळ्यांना तीच एक ठोसेबाजी हवी होती आणि अल्बमभर कुणी ठोसे मारू शकत नाही. खापर त्याने निर्माता वायक्लेफवर फोडलं, मग त्याच्याशीही वाकडं. २००२मध्ये गडी चक्क अमेरिकन सैन्यात भरती झाला.

शेवटचं दृश्य मी एकदाच पाहिलंय, परत हिंमत नाही झाली. २०१२, 'किंग ऑफ द डॉट'ची रॅप-लढत, समोर डिझास्टर नावाचा रॅपर. बिनबीटची, तोंडपाठ बार्सची (रॅपच्या ओळींची) लढत असते ही. मध्येच कॅनिबस थांबला आणि त्याने वही काढली. कागदांची चळत. वाचायला लागला. समोरची पोरं आधी हसली, मग गप्प झाली. ज्याच्या बार्स ऐकून मी बार्स म्हणजे काय ते शिकलो, तो शाळेत धडा न आल्यासारखा कागद चाळत उभा. त्यामुळे टेपगुंडाळ्या, तुमच्या सिद्धांतात दुरुस्ती: हरणारा उत्तराच्या नादात जातो, हे बरोबर. पण जिंकणाराही त्याच एका विजयात कोंडला जाऊ शकतो.

नवखी

मी वाचनमात्र असते, रॅपमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वहीचं वाचून खरंच वाईट वाटलं. एक बाळबोध प्रश्न: हे भांडण करायचंच कशाला? न भांडता गाणं म्हणता येत नाही का? 🙂

फटकळ मामा

नवखी, प्रश्न बाळबोध नाही. या प्रकाराचा जन्मच सवाल-जवाबातला. डिसेंबर १९८१मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात बिझी बी नेहमीप्रमाणे लोकांकडून हो-हो म्हणवून घेत होता. कूल मो डीने माइक घेतला आणि जागेवर त्याची सालं काढली. तोवर रॅपर म्हणजे पार्टी रंगवणारा, त्या रात्रीपासून रॅपर म्हणजे शब्द जुळवणारा. १९८४मध्ये रॉक्सॅन शांटे नावाच्या चौदा वर्षांच्या पोरीने मोठ्या बाप्यांच्या टोळक्याला गाण्यात झोडलं आणि त्यावर उत्तरांची, उत्तरांच्या उत्तरांची रांग लागली. म्हणजे भांडणाने करिअर संपतात त्याहून जास्त सुरू झालीत.

त्यानंतर केआरएस-वन आणि एमसी शान. शानने आपल्या क्वीन्सब्रिज वस्तीवर गाणं केलं. ब्रॉंक्सवाल्या केआरएसने ते "हिपहॉप क्वीन्सब्रिजला जन्मलं" असं ऐकलं (शान म्हणतो, मी तसं बोललोच नव्हतो) आणि 'साउथ ब्रॉंक्स', मग १९८७मध्ये 'द ब्रिज इज ओव्हर' काढून शानला गाडून टाकलं. आज शानचं नाव घेतलं की लोकांना तेवढंच आठवतं.

बत्तीस बार

मामा, आणि शानचं पुढचं कोण सांगणार? १९९३मध्ये स्नोचं 'इन्फॉर्मर' सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं ना, त्याचा निर्माता एमसी शान. मधलं रॅपचं कडवंही त्याचंच. 'गाडलेल्या' माणसाने केआरएसच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मोठं गाणं केलं. फक्त दुसऱ्याच्या नावावर.

फटकळ मामा

आयला. हे डोक्यातून गेलं होतं. दंडवत.

रुक्मिणी रिमिक्स

सगळे बाप्ये बाप्यांबद्दल बोलताय म्हणून. लिल किम आणि फॉक्सी ब्राउन, दोघी रॅपर. एकेकाळच्या मैत्रिणी. फॉक्सीने कपोन-एन-नोरिएगा या जोडीच्या गाण्यात किमवर तोंडसुख घेतलं. फेब्रुवारी २००१मध्ये हॉट ९७ रेडिओच्या दाराबाहेर किमची माणसं आणि कपोनची माणसं समोरासमोर आली, गोळ्या झाडल्या गेल्या. किमने गोळी झाडली नाही. तिने फक्त ग्रँड ज्युरीपुढे आपल्या माणसांना वाचवायला खोटी साक्ष दिली. २००५मध्ये एक वर्ष एक दिवसाची शिक्षा. 'द नेकेड ट्रुथ' अल्बम आला तेव्हा ती आत होती. 'द सोर्स' मासिकाने त्याला पाच माइक (म्हणजे पैकीच्या पैकी) दिले, बाईला पहिल्यांदाच, पण प्रसिद्धीला, कार्यक्रमांना ती बाहेर कुठे होती? ते भांडण गाण्यात राहिलं असतं तर ती आणखी चार वर्षं राज्य करती.

आणि तुपाक-बिगीबद्दल इथे "करिअर संपलं" असं कुणी लिहू नका, हात जोडते. दोघांचे खून झाले, सप्टेंबर १९९६ आणि मार्च १९९७. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस.

सुमडीतला श्रोता

२०२४चं ड्रेक आणि केंड्रिक लामारचं भांडण कुणी काढलंच नाही अजून. ड्रेक संपला की नाही ते सांगा आधी. ड्रेकला धुणाऱ्या केंड्रिकच्या 'नॉट लाइक अस'ला पाच ग्रॅमी, वर सुपर बोलच्या मध्यंतरात १३ कोटींहून जास्त लोकांसमोर केंड्रिकने तेच वाजवलं. इतका जाहीर पंचनामा कुणाचा झालाय का?

टेपगुंडाळ्या

पंचनामा झाला, अंत्यसंस्कार नाही. सुपर बोल ९ फेब्रुवारी २०२५ला. त्याच आठवड्यात पार्टीनेक्स्टडोअर या गायकाबरोबरचा ड्रेकचा अल्बम आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'नोकिया' तर पुढे महिनोन्महिने वाजत होतं. ही माझ्याच म्हणण्याची साक्ष समजा: नाचायची आणि विरहाची गाणी हे त्याचं दुकान, तिथे तो परत जाऊन बसला.

मात्र जानेवारी २०२५मध्ये त्याने बदनामीचा दावा लावला ते चुकलं असं वाटतं. केंड्रिकवर नव्हे, युनिव्हर्सल म्युझिकवर. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी फेटाळला. गाण्यातल्या भांडणातलं बोलणं ऐकणारा मत म्हणून घेतो, माहिती म्हणून नाही, असा निकालाचा सूर. गाण्यात हरलेला सावरतो. गाण्यात हरून वकील लावणाऱ्याला हा समाज सहज माफ करत नाही.

बत्तीस बार

त्या दाव्यातली खरी गंमत सांगू का? ड्रेकचंही वितरण युनिव्हर्सलकडे, केंड्रिकचंही. दोन्ही कोंबडे एकाच मालकाचे. आता मागे जा: मर्डर इंक होतं डेफ जॅमकडे, फिफ्टी होता इंटरस्कोपकडे, आणि ही दोन्ही लेबलं तेव्हाही युनिव्हर्सलचीच. जा रूल बुडाला तेव्हा कंपनीचं काय गेलं? एका खिशातून दुसऱ्या खिशात.

खर्जातला राजा

आणि जे. कोल? ५ एप्रिल २०२४ला केंड्रिकवर '७ मिनिट ड्रिल' काढलं, ७ तारखेला स्वतःच्या फेस्टिव्हलमध्ये स्टेजवरून माफी, मग गाणंच काढून टाकलं. अल्बमचं नाव 'माइट डिलीट लेटर' 😂 घाबरट.

रुक्मिणी रिमिक्स

राजाभाऊ, तेव्हा मीही हसले होते. मग मेमधला तो वीकेंड आला. ड्रेक आणि केंड्रिकने एकमेकांची बायकापोरं काढली, आरोप असे की गाणं चालू असताना मी खिडकी लावून घेतली. तेव्हा कोल कुठे होता? घरी. आज त्याला कुणी काही विचारत नाही, हेच त्याला हवं होतं.

पडद्यामागचा

मी जरा वेगळ्या बाजूने. (ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात होतो, आता नाही.) मोठा रॅपर भांडणातून सावरतो. मरतात त्याच्या मागचे. यंग बक घ्या. फिफ्टीच्या जी-युनिट गटातला, स्वतःचं नाव असलेला. द गेमला २००५मध्ये फिफ्टीने बाहेर काढलं तर तो दुसरीकडे जाऊन २००६मध्ये परत पहिल्या क्रमांकावर आला, कारण त्याला जायला जागा मिळाली. बकला २००८मध्ये गटातून काढलं, त्याचा फोनवर रडतानाचा आवाज जगाला ऐकवला, पण कागदोपत्री तो जी-युनिटकडेच बांधलेला राहिला. गटात नाही आणि सुटकाही नाही. २०१०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. त्याच्याविरुद्धचं कुठलं गाणं आठवतं तुम्हाला? लागलंच नाही. करार पुरला.

माझ्या छोट्या अनुभवातही हेच. दोन पोरांचं वाजलं, दोघांची मुद्रणं माझ्याकडे अर्धी पडलेली. ज्याच्याकडे मास्टर (मूळ मुद्रणं) होते तो बोलत राहिला, दुसऱ्याने नाव बदललं.

टेपगुंडाळ्या

पडद्यामागचे, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, खरंच. मी गाण्यात शोधत बसलो होतो, तुम्ही कागद दाखवलात.

सुमडीतला श्रोता

आणि तो मशीन गन केली नावाचा रॅपर? २०१८मध्ये एमिनेमने त्याच्यावर 'किलशॉट' टाकलं, एका दिवसात यूट्यूबवर ३ कोटी ८० लाख व्ह्यूज. सगळे म्हणाले संपला. २०२०मध्ये पठ्ठ्याने गिटार गळ्यात घातली आणि पॉप-पंकचा अल्बम पहिल्या क्रमांकावर.

फटकळ मामा

त्याला रॅप सोडावं लागलं म्हणजे रॅपर म्हणून संपलाच की. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभारी आहे.

सुमडीतला श्रोता

मामा, तुम्ही हरत कसे नाही कधी?

फटकळ मामा

मी उत्तराचा अल्बम काढत नाही.

टेपगुंडाळ्या

😄 रात्री परत सीडी लावली. 'ऑलवेज ऑन टाइम' या वेळी पूर्ण ऐकलं, आवाज वाढवून. अशांतीचं कडवं अजूनही गोड लागतं. मग जा रूल सुरू झाला आणि मामा, तुमचं ते निळं बाहुलं हजर. बिस्किटं खात होतं.